कानात पोचतो तो क्षण कोणता?

चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्यात भरला जाणारा आवाज हेडफोनमधून ऐकत राहणे, याला या धंद्यात मॉनिटरिंग म्हणतात. आवाज फाटतो आहे का, विजेची घरघर मिसळते आहे का, कॉलर माइकवर उपरणे घासते आहे का, हे वेळीच कळावे आणि दुरुस्त करता यावे, एवढाच त्याचा हेतू. हेडफोन वायरचा असतो तोवर कान आणि कॅमेरा यांच्यात फारसा खंड पडत नाही. बिनवायरी हेडफोन लावला की आवाज मागे राहतो. ओठ हलून जातात, टाळ मिटलेला दिसतो आणि मग त्याचा नाद कानात उमटतो. हा उशीर मोजता येतो, आणि कामाला लागण्याआधी तो मोजून घ्यायलाच हवा. पण मोजायला बसले की भारतीय दर्शनांनी फार पूर्वी विचारलेला एक प्रश्न समोर येतो. आत्ता ऐकू आले ते आत्ताचेच आहे का? आणि नसेल, तर ते ज्ञान खरे मानायचे की भ्रम?

यवतमाळ जिल्ह्यात चित्रीकरणाच्या कामाचा मोठा भाग धार्मिक कार्यक्रमांचा असतो. गावोगावचे भागवत सप्ताह, काल्याची कीर्तने, यवतमाळ शहरातला नवरात्रीचा दुर्गोत्सव, शिवाय लग्ने आणि सभा. कळंबचे चिंतामणी मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. तिथल्या पायऱ्यांवर गर्दीतून वायर सांभाळत उतरणे अवघड, तेव्हा बिनवायरी साधनाची ओढ समजण्यासारखी आहे. मोठ्या मंडपात तर कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे चौथऱ्यावर असतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. तशा सभामंडपात व्यासपीठ आणि कॅमेरा यांत तीस-चाळीस मीटरचे अंतर सहज पडते. याच जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांत कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा मुख्यतः तोंडीच टिकून राहिली आहे. पोडावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने गायिलेले गाणे माइक बंद राहिल्यामुळे हुकले, तर ते पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून कानावर पडणारा आवाज कितपत विश्वासाचा, हा प्रश्न इथे हौसेचा नाही.

उशीर कुठे होतो, हे आधी पाहावे. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. दहा मीटर पार करायला त्यांना सुमारे ३३ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे उशीर हवेतल्या प्रवासाचा नाही, थांबण्याचा आहे. कॅमेऱ्याच्या हेडफोनच्या छिद्रात लावलेला छोटा ट्रान्समीटर आवाजाचे आकडे करतो, ते आटवून त्यांची पुडकी बांधतो आणि धाडतो. हेडफोन ती पुडकी लगेच वाजवत नाही. एखादे वाटेत हरवले तर पुन्हा मागवता यावे म्हणून तो थोडा साठा हाताशी ठेवतो आणि मग वाजवतो. ब्लूटूथच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत हे सगळे मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद होतात. कमी उशिरासाठी केलेल्या ॲपटीएक्स एलएल पद्धतीत तो ४०च्या आसपास येतो, पण ती पद्धत पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही साधनांत असावी लागते. गायक कानात घालतात ती ॲनालॉग रेडिओवरची यंत्रणा जवळजवळ तत्काळ असते. खुद्द कॅमेराही थोडा वेळ घेतो. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत हेडफोनचा आवाज थेट सोडायचा की पडद्यावरच्या चित्राशी जुळवून मुद्दाम उशिरा सोडायचा, हे मेनूत ठरवता येते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. हा सगळा उशीर ऐकणाऱ्याच्या कानापुरता आहे. कार्डावर भरला जाणारा आवाज त्याने मागे-पुढे होत नाही.

चाचणीला टाळाइतके चांगले साधन नाही. पितळी टाळाचा आघात तुटक आणि लख्ख असतो. टाळीचा आवाज हाताच्या खोलगटपणाप्रमाणे बदलतो, टाळाचा आरंभ बदलत नाही. दोन वाहिन्यांचा रेकॉर्डर घ्यावा. पहिल्या वाहिनीचा माइक कॅमेऱ्याच्या माइकला लागून ठेवावा. दुसऱ्या वाहिनीचा बारीक माइक हेडफोनच्या गादीच्या आत बसवून वरून जाड टॉवेल गुंडाळावा, म्हणजे बाहेरचा आवाज आत शिरणार नाही. मग कॅमेऱ्याचा माइक आणि पहिल्या वाहिनीचा माइक यांच्यासमोर टाळ वाजवावा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा पहिल्या वाहिनीचा माइक आणि कॅमेऱ्याचा माइक टाळापासून सारख्याच अंतरावर असले पाहिजेत. नंतर संगणकावर ध्वनिरेषा ताणून पाहावी. वरच्या वाहिनीत सरळ रेषेतून एकदम उभा काटा निघतो आणि मागे थरथरते शेपूट राहते. खालच्या वाहिनीत तेच रूप थोडे बोथट होऊन उजवीकडे सरकलेले दिसते. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर ४८ नमुने म्हणजे एक मिलिसेकंद. दोन काट्यांत ९,६०० नमुन्यांचे अंतर भरले तर उशीर २०० मिलिसेकंद. हीच चाचणी कॅमेऱ्याच्या छिद्रातून थेट वायर काढून पुन्हा करावी. वायरचा उशीर वजा केला की उरतो तो बिनवायरी भागाचा. एकदा मोजून भागत नाही, कारण मंडपात शेकडो मोबाइल चालू झाले की काही हेडफोन आपला साठा वाढवतात. सर्वात कमी आणि सर्वात जास्त असे दोन्ही आकडे नोंदवून ठेवावेत.

यंत्राविना करण्याची एक ढोबळ चाचणीही आहे. हेडफोन एका कानावर ठेवायचा आणि दुसरा कान उघडा. टाळ एकदा वाजतो आणि दोनदा ऐकू येतो.

इथपासून प्रश्न तत्त्वज्ञानाचा होतो, कारण यांतला खरा टाळ कोणता हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. उघड्या कानाने ऐकलेला तो मूळ आणि हेडफोनमधला ती नक्कल, असे सहज म्हटले जाते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य होणार नाही. त्यांच्या मते शब्द, म्हणजे कोणताही आवाज, हा आकाशाचा गुण आहे. दोन वस्तूंच्या संयोगाने किंवा विभागाने तो उपजतो आणि क्षणात नष्ट होतो. नष्ट होण्यापूर्वी तो शेजारी दुसरा शब्द उपजवतो, दुसरा तिसऱ्याला. अशी परंपरा कानाच्या पोकळीपर्यंत पोचते आणि तिथे उपजलेला शब्द तेवढा ऐकू येतो. ही परंपरा पाण्यावरच्या लाटेमागून लाटेसारखी पसरते असे काही म्हणतात, तर कदंबाच्या फुलाच्या केसरांसारखी सगळ्या दिशांना एकदम फुटते असे काही. कसेही धरले तरी टाळाजवळ जन्मलेला शब्द कोणाच्याच कानात शिरत नाही. अगदी पहिल्या रांगेत बसलेल्या श्रोत्यालाही त्याचा वारस भेटतो. चाळीस मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याला तो सुमारे ११७ मिलिसेकंदांनी भेटतो, आणि त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

तरीही हेडफोनच्या बाबतीत एक फरक उरतो. माइकपाशी शब्दांची परंपरा तुटते. पुढे जाते ती वीज, मग आकडे, मग रेडिओलहर. आणि हेडफोनच्या पडद्याच्या हालचालीतून नव्या परंपरेचा पहिला शब्द जन्मतो. नैयायिकाच्या हिशेबाने पडद्याचा शब्द हा प्रत्यक्षाचा विषय, आणि माइकसमोरचा टाळ हा कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाचा विषय. रोजच्या सवयीमुळे हे अनुमान इतके लवकर होते की ते प्रत्यक्षच वाटते. एक कान उघडा ठेवला की दोन्ही शब्द वेगळे पडतात आणि लपलेले अनुमान उघडे पडते. चाचणीचा हा तात्त्विक लाभ मोजमापाइतकाच मोलाचा आहे.

मीमांसक याच अनुभवाकडे उलट बाजूने पाहतात. त्यांना वर्णरूप शब्द नित्य आहे. हवेची हालचाल, म्हणजे ध्वनी, तो फक्त प्रकट करते. कीर्तनकाराने उच्चारलेला ‘वि’ आणि हेडफोनमध्ये मागाहून आलेला ‘वि’ हे दोन नाहीत. ऐकणारा ‘तोच हा’ म्हणून ओळखतो, आणि ही ओळखच त्यांचा पुरावा आहे. यावर नैयायिकांचे उत्तर असे की ‘तेच औषध मीही घेतले’ या बोलण्यात जसे औषध एक नसते, जात एक असते, तसेच इथे. दोन्ही पक्षांना २०० मिलिसेकंद हा आकडा मान्य असेल. भांडण आहे ते उशीर कोणाला झाला यावर. एकाच्या मते शब्दच नवा आणि उशिरा जन्मलेला, दुसऱ्याच्या मते शब्द जागच्या जागी आणि उशीर फक्त त्याला प्रकट करणाऱ्याचा. वर्णांपुरती मीमांसकांची बाजू भक्कम वाटते, कारण अर्थ कळण्याला उशिराने काही बाधा येत नाही. टाळाच्या ठोक्याबाबत ती लंगडी पडते. ठोक्याला ‘केव्हा’ याखेरीज दुसरा अर्थच नसतो.

आता ज्ञानाच्या बाजूने पाहू. डोळ्याला टाळ मिटलेला दिसणे आणि कानाला नाद येणे एकाच क्षणी घडते, असे सर्वांना वाटते. न्यायसूत्रे हे नाकारतात. एका क्षणी एकच ज्ञान होते आणि हीच मनाच्या अस्तित्वाची खूण आहे, असे ती मानतात. मन अणूएवढे असल्याने एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. मग लांब, कुरकुरीत शष्कुली खाताना चव, वास, स्पर्श आणि दातांखालचा आवाज एकदमच कसे कळतात? उत्तर असे की ते एकदम कळत नाहीत. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या थप्पीतून सुई आरपार गेली की सगळ्या एकाच क्षणी भेदल्यासारख्या वाटतात, पण सुई एकीतून दुसरीत क्रमानेच जाते. क्रम फार वेगाचा असला की तो जाणवत नाही.

किती वेगाचा क्रम जाणवत नाही, याचे मोजमाप आज उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला तर प्रेक्षकाला तफावत कळू लागते; ९० पुढे आणि १८५ मागे ही खपवून घेण्याची हद्द. दोन्ही बाजूंच्या मर्यादा सारख्या नाहीत, याचे कारण निसर्गात सापडते. प्रकाश आधी आणि आवाज नंतर, हाच माणसाचा जन्मभराचा अनुभव. शेतापलीकडे लाकूड तोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी पडते आणि ठक्क नंतर ऐकू येते. आवाज दृश्याच्या आधी कधीच येत नाही, म्हणून तसे झाले की मन लगेच बिचकते. ब्लूटूथचा २०० मिलिसेकंदांचा उशीर या सगळ्या हद्दींबाहेर पडतो.

युरोपात हा प्रश्न वेधशाळेत उपस्थित झाला. १७९६ साली ग्रीनिचचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या मदतनिसाला कामावरून काढले, कारण ताऱ्याने दुर्बिणीतली तार ओलांडल्याच्या त्याच्या नोंदी मॅस्कलिनच्या नोंदींपेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिराच्या होत्या. पद्धत अशी की घड्याळाचे ठोके कानाने मोजायचे आणि तारा डोळ्याने पाहायचा. म्हणजे नजर आणि कान जुळवण्याचेच काम. पुढे जर्मन ज्योतिषी बेसेल यांनी हे प्रकरण वाचले, वेगवेगळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि दाखवून दिले की अनुभवी निरीक्षकांतही असा फरक असतोच. किनेब्रुक बेफिकीर नव्हता. त्याच्यावर अन्याय झाला, आणि तो यासाठी झाला की एका माणसाचा ‘आत्ता’ सर्वांचा ‘आत्ता’ असतो असे गृहीत धरले गेले होते.

बौद्धांच्या सौत्रांतिक पंथाने याहून टोकाचा निष्कर्ष फार आधी काढला होता. प्रत्येक वस्तू क्षणिक असेल आणि ज्ञान वस्तूपासून उपजत असेल, तर ज्ञान होईतो वस्तू गेलेली असते. मनात उरतो तो तिचा आकार, आणि बाहेरची वस्तू अनुमानाने मानायची. या मताप्रमाणे सगळ्या इंद्रियांना जन्मजात उशीर आहे आणि हेडफोनने त्यात थोडी भर घातली इतकेच. नैयायिक टिकणाऱ्या वस्तू मानतात, म्हणून घट पाहताना त्यांना ही अडचण येत नाही. शब्दाबाबत मात्र ते स्वतःच क्षणिकता मानून बसले आहेत. टाळाजवळचा शब्द कानातला शब्द ऐकू येण्याआधी मेलेला असतो, हे त्यांना कबूल करावेच लागते.

म्हणून ऐकणे भ्रम ठरते का? न्यायमताचे उत्तर इथे फार उपयोगी पडते. ते अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहासारख्या प्राथमिक ग्रंथातही स्पष्ट सापडते. हा ग्रंथ यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या टिपांसह १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाला आणि कॉलेजांतून शिकवला गेला. ज्या वस्तूत जो धर्म आहे, त्या वस्तूचे त्या धर्मासह ज्ञान ते यथार्थ. नसलेला धर्म तिच्यावर चढवला की भ्रम. शिंपीला चांदी समजताना शिंपीही खोटी नसते आणि चांदीही जगात कुठे तरी असते. खोटे असते ते दोहोंचे जोडणे. हेडफोनमधल्या आवाजाला हीच कसोटी लावावी. ‘माइकवर उपरणे घासते आहे’ हे ज्ञान यथार्थ आहे, ‘आवाज फाटला’ हेही यथार्थ आहे. ‘टाळ या क्षणी वाजला’ हे मात्र भ्रम, कारण ‘या क्षणी’ हा धर्म ऐकणाऱ्याने पदरचा घातलेला असतो.

मग चाचणी कशासाठी? इथे प्रामाण्याचा वाद उपयोगी येतो. कुमारिलभट्टाच्या मीमांसेत ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुरावा समोर येईतो त्यावर विश्वास ठेवायचा. गंगेशाच्या नव्यन्यायात ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, बहुधा त्यावर आधारलेली कृती सफळ झाल्याने कळतो. रोजच्या कामात शूटिंगवाला मीमांसक असतो आणि असायलाच हवा. प्रत्येक आवाजावर शंका घेत बसला तर कार्यक्रम निघून जाईल. नवे साधन हाती आले की त्याने नैयायिक व्हावे. कानाची खात्री कानालाच विचारून मिळत नाही. यावर मीमांसक विचारतील की रेकॉर्डरची परीक्षा कोण करणार, आणि त्या परीक्षेची कोण? चाचणीच्या रचनेत याचे उत्तर आहे. दोन्ही वाहिन्या एकाच रेकॉर्डरच्या एकाच घड्याळावर चालतात. ते घड्याळ पुढे असो वा मागे, दोन काट्यांतल्या फरकात त्याने मोजण्यासारखा बदल होत नाही. तेव्हा शंकेची साखळी तिथे थांबते.

उशीर हा दोष केव्हा मानायचा, याचे मला पटणारे उत्तर वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात आहे. वर्तमानकाळ नाहीच असे म्हणणाऱ्या पूर्वपक्षाला उत्तर देताना तिथे स्वयंपाकाचे उदाहरण येते. भांडे चुलीवर चढवल्यापासून उतरवेपर्यंतच्या सगळ्या क्रिया एका हेतूने बांधलेल्या असतात, म्हणून त्या सर्व मिळून ‘शिजवतो आहे’ हा एकच वर्तमान होतो. वर्तमान हा बिंदू नाही. क्रियेच्या लांबीएवढा तो लांब असतो. देखरेखीची क्रिया घरघर ऐकणे, मिक्सरपर्यंत जाणे, वायर बदलणे अशी काही सेकंदांची आहे. तिच्या वर्तमानात २०० मिलिसेकंद सहज मावतात. थेट प्रक्षेपणात शब्दाबरहुकूम एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाणे किंवा ओठांशी आवाज जुळवणे ही क्रिया एक-दोन चौकटींची; सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. इथे तोच उशीर पाच चौकटींचा होतो आणि बिनवायरी हेडफोन बाजूला ठेवावा लागतो. पोडावरचे गाणे टिपणाऱ्याला मात्र तो बिनधास्त चालतो, कारण त्याला ऐकायचे असते ते माइक जिवंत आहे हेच.

नवविधा भक्तीतली पहिली श्रवण आणि दुसरी कीर्तन. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी त्यांचे क्रमाने विवेचन केले आहे. उशिराच्या दृष्टीने या दोहोंचे स्वभाव वेगळे आहेत. श्रवणाला उशीर बाधत नाही. मंडपाच्या शेवटच्या रांगेतला श्रोता, घरी यूट्यूबवर अर्ध्या मिनिटाने मागे असलेले प्रक्षेपण पाहणारी आजारी आजी आणि वर्षानंतर ध्वनिमुद्रण ऐकणारा नातू, यांच्यापर्यंत पोचणारा अर्थ आणि भाव उशिराने उणा होत नाही. ध्वनिमुद्रणातून ऐकलेले कीर्तन हे श्रवणच नव्हे, अशी शंका काही भाविकांना येते. पण ऐकणाऱ्याचे चित्त लागले असेल तर ती टिकत नाही. समोर बसून डुलक्या घेणाऱ्याला तरी श्रवण घडले असे कोण म्हणेल?

कीर्तन करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा आवाज त्याच्याच कानात परत येतो आणि पुढचे अक्षर त्यावर तोलले जाते. १९५० साली बर्नार्ड ली यांनी दाखवले की बोलणाऱ्याला त्याचाच आवाज साधारण पंचमांश सेकंदाने उशिरा ऐकवला तर तो अडखळतो, अक्षरे दुहेरी करतो, त्याची गती ढळते. पंचमांश सेकंद म्हणजे २०० मिलिसेकंद, साधारण ब्लूटूथच्या उशिराएवढेच. म्हणून शूटिंगवाल्याचा हेडफोन कौतुकानेही कीर्तनकाराच्या किंवा पखवाजवाल्याच्या कानावर चढवू नये. वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे दाटीने उभे असतात आणि पखवाज बाजूलाच असतो. तीन मीटरच्या त्या घोळक्यात आवाजाला एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला नऊ मिलिसेकंदांहून जास्त लागत नाहीत.